जुना मिनी ट्रॅक्टर घेताना: वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

द्राक्ष, डाळिंब, पेरूच्या बागेत चालणाऱ्या 15 ते 28 एचपीच्या जुन्या ट्रॅक्टरबद्दल आलेल्या पत्रांतले काही प्रश्न या वेळी घेतले आहेत. एकाच आशयाची पत्रे एकत्र केली आहेत.

प्रश्न : पाच एकर द्राक्षबाग आहे, ओळीतले अंतर 9 फूट. सहा वर्षे वापरलेला 24 एचपीचा ट्रॅक्टर पाहिला. मीटरवर 640 तास आहेत. मालक म्हणतो, घरच्या पाच एकर बागेशिवाय कुठे गेलेला नाही. मीटरवर विश्वास ठेवावा का? (दिंडोरी, नाशिक)

मालक खरे बोलतोय असे धरले, तरी मीटर खोटे ठरते. हिशेब करून पाहा. 9 फुटी ओळी असतील तर एका एकरात ओळींची एकूण लांबी सुमारे 4,840 फूट, म्हणजे पावणेपंधराशे मीटर भरते. ताशी 4 किलोमीटरने ब्लोअर (पंख्याने औषध फवारणारे यंत्र) चालवला तर नुसते चालणे 22 मिनिटांचे. ओळीच्या टोकाला वळणे आणि टाकी भरणे धरून एकराला अर्धा तास. पाच एकरांना अडीच तास. खरड छाटणी आणि गोडी छाटणी मिळून वर्षाला 50 फवारण्या धरल्या तर 125 तास झाले. सहा वर्षांचे 750. यात रोटाव्हेटर, शेणखत, माल बाहेर काढणे काहीच धरलेले नाही. मग 640 कसे?

मीटर दोन प्रकारचे असतात. केबलवर चालणारे जुने मीटर इंजिनच्या फेऱ्या मोजते. कंपनीने ठरवलेल्या आरपीएमला (मिनिटाला फेऱ्या) त्याचा एक तास घड्याळाच्या एका तासाइतका असतो. इंजिन त्याहून हळू चालले तर मीटर मागे राहते. पण ब्लोअरला पीटीओ (इंजिनची ताकद अवजाराला देणारा मागचा शाफ्ट) मिनिटाला 540 फेऱ्यांवर लागतो आणि तेवढ्यासाठी इंजिन चढ्या आरपीएमला ठेवावे लागते. त्यामुळे फवारणीच्या ट्रॅक्टरचे मीटर मागे पडायचे कारण नाही, झालेच तर पुढे धावते. केबल काढून ठेवली की मात्र ते जागेवरच थांबते. मीटरच्या मागचा नट चकचकीत असेल किंवा त्यावर पान्याच्या ताज्या खुणा असतील, तर काय समजायचे ते समजा. इलेक्ट्रॉनिक मीटर प्रत्यक्ष तास मोजते, पण पूर्ण मीटरच बदललेले असू शकते.

मीटर सोडा, झीज पाहा. बागेतल्या ट्रॅक्टरचे आयुष्य ड्रॉबारवर (ओढकामात) कमी आणि पीटीओवर जास्त जाते. पीटीओचे टोपण काढा आणि शाफ्टच्या खाचांवर नख फिरवा. खाचेची एकच बाजू पायरीसारखी खाल्लेली लागली, तर दीड-दोन हजार तासांची शंका धरायला हरकत नाही. शाफ्ट हाताने वर-खाली हलवा. जाणवेल इतका खेळ असेल तर बेअरिंग गेले. लोअर लिंकचे (अवजार उचलणाऱ्या खालच्या दोन दांड्यांचे) गोळे आणि पिनांची भोके लांबट झालीत का पाहा. क्लच आणि ब्रेक पेडलची नक्षी पुसून लोखंड चमकत असेल, तर मीटरवरचे सहाशे तास विसरा. आणि सीट नवे, पेडलचे रबर नवे, स्टिअरिंगचे कव्हर नवे, पण लिंकच्या पिना झिजलेल्या असतील, तर ती सजावट कशासाठी केली हे मालकालाच विचारा.

बागेच्या ट्रॅक्टरला आणखी एक रोग असतो, औषधांचा. बोर्डो आणि गंधकाच्या तुषारांनी वायरिंगचे जोड आतून हिरवट पडतात. सीटखालचा, मागच्या दिव्यांचा आणि सेल्फजवळचा असे वायरिंगचे तीन कपलर (जोड) उघडून बघा. मडगार्ड वरून रंगवलेले असते, म्हणून खालून हात फिरवा. रिमवर व्हॉल्व्हच्या आसपास पापुद्रे सुटत असतील तर टायर काढल्याशिवाय रिमची खरी अवस्था कळणार नाही.

प्रश्न : तीन सिलिंडरचा ट्रॅक्टर बघायला गेलो तेव्हा तो आधीच सुरू करून ठेवला होता. आवाज चांगला वाटला. इंजिनात नेमके काय तपासावे? (तासगाव, सांगली)

सुरू करून ठेवलेला ट्रॅक्टर तपासायचाच नाही. परत जा, सकाळी लवकर जा, आणि निघाल्यावर फोन करा. पोचताच बोनेट उघडून इंजिनला आणि रेडिएटरच्या वरच्या पाइपला हात लावा. कोमट लागले तर सौदा दुसऱ्या दिवसावर.

थंड इंजिन असतानाच रेडिएटरचे झाकण उघडा (गरम असताना कधीही नाही, वाफेने तोंड भाजते). पाण्यावर तेलाचा तवंग नको. पाणी गंजाने तांबडे असेल तर कूलंट न घालता विहिरीचे पाणी ओतत आलेत. लायनर (सिलिंडरची आतली नळी) आणि वॉटर पंप दोन्हींना ते बाधते. ऑइलची पट्टी काढा. ऑइल दुधाळ असेल तर पाणी मिसळते आहे. पातळी वरच्या खुणेच्याही वर असेल आणि डिझेलचा वास येत असेल, तर फीड पंप किंवा डिझेल पंपाच्या सीलमधून डिझेल आत उतरतेय. असे पातळ ऑइल बेअरिंग खाते. ऑइल अगदी नवे, मधासारखे असेल तर आनंद मानू नका. विक्रीच्या आदल्या दिवशी ऑइल बदलणे आणि धूर कमी दिसावा म्हणून जाड ऑइल घालणे, हे दोन्ही चालते. बोटांत घेऊन ताणून पाहा, गिअर ऑइलसारखी तार धरत असेल तर त्यामागे काही लपवलेले आहे.

आता सेल्फ मारा. ग्लो प्लग (थंड इंजिन तापवणारी कांडी) असलेल्या इंजिनाला तापायला वेळ द्या, तो दोष नव्हे. मग दोन-तीन सेकंदांत धरले पाहिजे. नुसताच फिरत राहिला आणि सायलेन्सरमधून पांढरा धूर आला तर कॉम्प्रेशन कमी, नोझल (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारा भाग) खराब, किंवा डिझेल लाइनमध्ये हवा. सुरू झाल्यावर मिनिटभर पांढरट धूर चालेल. पाच मिनिटांनंतरही येत असेल आणि रेडिएटरमधले पाणी घटत असेल, तर हेड गॅस्केट (इंजिनचे हेड आणि ब्लॉक यांच्यामधली पत्री) गेले. रेडिएटरचे झाकण उघडे ठेवून थंड इंजिन सुरू केले आणि पाण्यात सतत बुडबुडे आले, तर खात्रीच. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतेय. काळा धूर एकदम रेस दिल्यावर क्षणभर येतो, तो सोडा; लोडवर सतत काळा येत असेल तर आधी एअर फिल्टर, मग नोझल आणि पंपाची सेटिंग.

इंजिन चालू ठेवून ऑइल भरायचे झाकण फिरवून मोकळे करा आणि भोकावर उलटे ठेवा. ते थरथरले तर ठीक. उडून पडले आणि भोकातून भकाभक वाफ आली, तर रिंगा-लायनर संपत आले. हे काम निघाले की नुसत्या रिंगांवर सहसा भागत नाही, पिस्टन, लायनर, बेअरिंग आणि पंप-नोझलची तपासणी मागोमाग येते.

सिलिंडर एकसारखे काम करतात का, हे मिस्त्रीकडून पाहून घ्या. एकेका नोझलच्या पाइपचा नट तो क्षणभर ढिला करेल. इंजिन लगेच अडखळले तर तो सिलिंडर काम करत होता. काहीच फरक पडला नाही, तर तोच सिलिंडर मेलेला. त्या वेळी पाइपजवळ हात नेऊ नका, दाबाने येणारे डिझेल कातडीत शिरते.

आणि एक जागा जवळजवळ सगळे विसरतात. एअर फिल्टर आणि इंजिन यांच्यामधला रबरी पाइप सोडा आणि त्याच्या आतून, इंजिनच्या बाजूला, बोट फिरवा. बोट स्वच्छ बाहेर आले पाहिजे. बोटाला धूळ लागली तर क्लिप ढिली होती, पाइपला चीर होती, किंवा फिल्टर न बसवताच कोणीतरी ट्रॅक्टर चालवला होता. रोटाव्हेटरची धूळ इंजिनात गेली की लायनरला पॉलिश पेपरने घासल्यासारखे होते. असा ट्रॅक्टर आज धूर मारत नसला तरी दोन हंगामांत मारेल. आमच्या मते धूर, आवाज, रंग या सगळ्यांपेक्षा ही एक तपासणी जास्त बोलते.

शेवटी लोड द्या. रोटाव्हेटर किंवा पाण्याने भरलेला ब्लोअर जोडून अर्धा तास चालवा आणि तापमानाचा काटा पाहा. तापत असेल तर रेडिएटरच्या मागून बॅटरीचा उजेड टाका. पाने, गंधक आणि धूळ यांचा गिलावा बसून जाळी बुजलेली असते. तो धुऊन निघतो, पण पत्रे मुरडलेले किंवा गळालेले असतील तर नवा रेडिएटर धरा. गरम झाल्यावर हळू रेसमध्ये ऑइलचा दिवा लुकलुकतो का, तेही याच वेळी बघा. बॅटरीला मल्टिमीटर लावून घ्या: बंद असताना 12.6 व्होल्टच्या आसपास, चालू असताना 13.8 ते 14.4.

एक सिलिंडरचा 15 एचपीचा ट्रॅक्टर पाहत असाल तर त्याच्या थरथरण्यावरून नापास करू नका. तो थरथरणारच.

प्रश्न : डाळिंबासाठी फोर व्हील ड्राइव्हचा मिनी ट्रॅक्टर पाहिला आहे. पुढचे टायर नवेकोरे, मागचे अर्धे झिजलेले. वळताना पुढून कडकड आवाज येतो. मालक म्हणतो फोर व्हीलला असा आवाज असतोच. (सांगोला, सोलापूर)

असतो, पण डांबरी रस्त्यावर फोर व्हील लावून वळवला तर. मऊ शेतात कडकड येता कामा नये. आली तर पुढच्या अॅक्सलमधले बेव्हल गिअर किंवा त्यांचे बेअरिंग तपासावे लागेल.

नवे-जुने टायर ही त्याहून मोठी गोष्ट. फोर व्हीलमध्ये पुढची चाके मागच्यांपेक्षा किंचित जास्त वेगाने खेचतील असे गिअरचे प्रमाण ठेवलेले असते, साधारण 1 ते 5 टक्के. ते प्रमाण कंपनीच्या टायरच्या मापावर बसवलेले असते. पुढे नवे आणि मागे झिजलेले टायर असले की पुढची ओढ वाढते. पुढे झिजलेले आणि मागे नवे असले की ओढ उरत नाही, उलट मागची चाके पुढच्यांना ढकलू लागतात. दोन्हींत ताण अॅक्सलच्या गिअरवर येतो आणि फोर व्हीलचा लिव्हर सुटायला जड होतो. कंपनीचे माप सोडून दुकानात होते ते घातले असेल, तर हे प्रमाण पारच बिघडले. पुढच्या आणि मागच्या टायरवरची मापे लिहून घ्या (मागे 8.00-18, 8.3-20 अशी असतात) आणि ती त्या मॉडेलच्या पुस्तिकेशी जुळवा.

मोजायचे असेल तर सपाट शेतात चाकांवर खडूच्या खुणा करा. फोर व्हील सोडून मागचे चाक 10 वेळा फिरेपर्यंत सरळ चालवा आणि पुढचे चाक किती फिरले ते मोजा, अर्धा-पाव फेराही धरा. मग फोर व्हील लावून तेच करा. समजा पहिल्यांदा 16 फेरे आणि दुसऱ्यांदा 16 आणि अर्धा, तर ओढ 3 टक्के, उत्तम. दोन्ही आकडे सारखे आले किंवा दुसरा कमी आला, तर टायर चुकीचे आहेत.

फोर व्हील मुळात लागतो का, याची परीक्षा वेगळी. इंजिन बंद करा, मागच्या चाकांना दगड लावा, पुढचा अॅक्सल जॅकवर उचलून खाली ठोकळा द्या. फोर व्हील लावून एक पुढचे चाक हाताने फिरवा. दुसरे उलट्या दिशेने फिरले पाहिजे. दोन्ही चाके एकाच दिशेने मोकळी फिरवता आली तर लिव्हर हलतो, पण आत गिअर लागत नाही.

त्याच वेळी चाक वर-खाली धरून हलवा, किंगपिन (जिच्यावर पुढचे चाक वळते ती पिन) आणि हबचा खेळ कळेल. रिमच्या आतल्या अंगाला तेलात भिजलेली मातीची रेघ दिसली तर हबचे सील गळते. नुसते सील स्वस्त असते. पण तेल कमी असताना किती दिवस चालवला, हा प्रश्न उरतो. म्हणून अॅक्सलचा खालचा बोल्ट सोडून वाटीभर तेल काढा. चांदीसारखी बारीक चमक थोडी चालते, बोटाला टोचणारे कण चालत नाहीत.

मागच्या टायरचे वय बाजूवरच्या चार अंकी आकड्यावरून काढा. 2319 म्हणजे 2019 सालातला 23वा आठवडा. नक्षी चांगली पण बाजूला चिरा, असा टायर बागेत खुंटावर फाटतो.

प्रश्न : रोटाव्हेटर उचलून ट्रॅक्टर बंद केला की दहा मिनिटांत खाली टेकतो. मालक म्हणतो फक्त ओ-रिंग आहे, किरकोळ काम. ब्लोअरसाठी आणखी काय पाहू? (जुन्नर, पुणे)

कदाचित ओ-रिंगच असेल, पण ते सौदा होण्याआधी कळायला हवे. बऱ्याच मिनी ट्रॅक्टरला सीटखाली लिफ्ट उतरण्याचा वेग कमी-जास्त करायची चकती असते. अवजार पूर्ण उचला, चकती घट्ट बंद करा, इंजिन बंद करा. लोअर लिंकच्या टोकापासून जमिनीपर्यंतचे अंतर टेपने मोजा आणि अर्ध्या तासाने पुन्हा मोजा. अवजार जागेवर राहिले तर गळती कंट्रोल व्हॉल्व्हकडे आहे. तरीही उतरले तर सिलिंडरच्या पिस्टनचे सील किंवा ओ-रिंग. व्हॉल्व्ह झिजला असेल तर तो सहसा पूर्णच बदलावा लागतो आणि किंमत ओ-रिंगच्या कितीतरी पट असते. मोजताना अवजाराखाली पाय किंवा हात घालू नका.

दुसरी खूण चालू इंजिनची. उचललेले अवजार दर काही सेकंदांनी उचकी लागल्यासारखे झटका देत असेल, तर तीच गळती आहे, पंप ती भरून काढतोय. थंड असताना झटकन उचलतो आणि तासाभराने रखडतो, असे असेल तर पंप झिजलेला. त्याआधी हायड्रॉलिकची गाळणी पाहा. ती तुंबली की पंप शिट्टी मारल्यासारखा ओरडतो आणि साफ केल्यावर गप्प होतो.

ब्लोअरसाठी क्लच महत्त्वाचा. तो सिंगल आहे की डबल, ते विचारा. बऱ्याच सिंगल क्लचच्या ट्रॅक्टरमध्ये पेडल दाबले की पीटीओही थांबतो, म्हणजे प्रत्येक वळणावर ब्लोअरचा पंखा थांबवायचा आणि पुन्हा फिरवायचा. प्लेट लवकर जाते ती याने. शिवाय पेडल दाबल्यावर पंख्याचा जोर उलटा गिअरबॉक्समध्ये येऊन ट्रॅक्टर दोन-तीन फूट पुढे ढकलतो. शाफ्टला एकाच दिशेने ओढणारा कपलर बसवला की हे थांबते. तो लावलेला आहे का पाहा.

क्लचची परीक्षा: मोकळ्या जागी, पार्किंग ब्रेक ओढून आणि ब्रेक दाबून, वरचा गिअर टाका. 1,500 आरपीएमला पेडल हळूहळू सोडा. इंजिन दबून बंद पडले पाहिजे. चालूच राहिले तर प्लेट घसरतेय. ही परीक्षा एकदाच करा, पुन्हा पुन्हा केल्याने चांगली प्लेटही जळते. क्लच बदलायचा म्हणजे ट्रॅक्टर मधून फोडावा लागतो, त्यामुळे प्लेटच्या किमतीइतकीच मजुरी धरा. फोडायचाच असेल तर प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग आणि क्रँकचे मागचे सील एकदमच बदला. बेल हाउसिंगच्या (क्लचभोवतीच्या कवचाच्या) जोडावर वेल्डिंगची रेघ किंवा ताजा सिलिकॉन दिसला, तर तो आधी फुटलेला किंवा फोडलेला आहे; कशासाठी, ते विचारा.

प्रश्न : भातशेतीत चिखलणी केलेला मिनी ट्रॅक्टर काजूच्या बागेसाठी घेतोय. काही वेगळे पाहावे का? (कुडाळ, सिंधुदुर्ग)

पाणी. चिखलात अॅक्सलपर्यंत बुडालेल्या ट्रॅक्टरच्या हबमध्ये, ब्रेकमध्ये आणि गिअरबॉक्समध्ये ते शिरते. ट्रॅक्टर रात्रभर उभा राहू द्या आणि सकाळी सुरू करण्याआधी गिअरबॉक्सचा खालचा बोल्ट हळूच ढिला करा. पाणी तेलापेक्षा जड, म्हणून तळाला बसते आणि आधी तेच येते. चमचाभर ओलावा वाफेचाही असू शकतो. ग्लासभर आले तर बेअरिंग गंजायला लागलेत असे समजा. मागचे डावे-उजवे ब्रेक वेगवेगळे दाबून पाहा, दोन्ही बाजूंना ट्रॅक्टर सारखाच वळला पाहिजे. चिखलणीची लोखंडी चाके अजून त्याच्याकडे असतील तर सौद्यात मागून घ्या.

प्रश्न : कर्नाटक पासिंगचा ट्रॅक्टर स्वस्त मिळतो आहे. आरसीवर बँकेचे नाव आहे, कर्ज फिटले म्हणतात. दुसरा एक ट्रॅक्टर बचत गटाचा आहे. कोणता घ्यावा? (जत, सांगली)

बचत गटाचा आधी बाजूला ठेवा. महाराष्ट्रात अनुसूचित जाती व नवबौद्ध घटकांच्या बचत गटांना समाजकल्याण विभागाच्या योजनेतून 9 ते 18 एचपीचे मिनी ट्रॅक्टर 90 टक्के अनुदानावर मिळाले आहेत. ते विकायचे किंवा गहाण ठेवायचे नाहीत, असे हमीपत्र गटाने दिलेले असते. नोटरी करून दिली तरी ती मालकी नव्हे. कृषी विभागाच्या यांत्रिकीकरणातून घेतलेल्या ट्रॅक्टरलाही ठराविक काळ न विकण्याची अट असते, म्हणून अनुदानाचे पत्र आणि त्यावरची तारीख मागा.

कर्नाटक पासिंगसाठी तिकडच्या आरटीओचे ना-हरकत प्रमाणपत्र, म्हणजे नमुना 28, लागते. ते विकणाऱ्यानेच काढून द्यायचे. कर्ज फिटले असेल तर बँकेचे पत्र आणि नमुना 35 वर बँकेची सही-शिक्का घेऊन बोजा उतरवून घ्या. ‘फिटले आहे, पत्र नंतर आणतो’ यावर पैसे देऊ नका. नाव बदलायला नमुना 29 आणि 30. विम्याचे नाव 14 दिवसांत बदलायला अर्ज द्या. आरसीवर ज्याचे नाव, अपघाताची भरपाई त्याच्या गळ्यात पडते. त्यामुळे नाव लवकर बदलणे विकणाऱ्याच्याही हिताचे आहे, हे त्याला समजावून सांगा. ट्रॉली सोबत असेल तर तिची नोंदणी वेगळी असते, तीही मागा. पंधरा वर्षे होत आलेली असतील तर नोंदणीच्या नूतनीकरणाचा खर्च सौद्यात धरा.

चेसिस नंबर नुसता वाचू नका. मातीचा थर घासून काढा, पातळ कागद ठेवून वरून पेन्सिल फिरवा आणि छाप आरसीशी अक्षरन् अक्षर जुळवा. आकड्यांच्या आसपास ग्राइंडरच्या खुणा, एखाद्या आकड्याची वेगळी खोली किंवा नव्या रिबिटांची पट्टी दिसली तर तिथूनच परत फिरा. इंजिन नंबर वेगळा निघाला तर इंजिन बदललेले आहे. तो बदल आरसीवर चढलेला नसेल, तर तो चढवून घेईपर्यंत विसारसुद्धा देऊ नका.